उणे दोननं भागताना

इंदुताईंना शाळेत सगळे बाई म्हणत, पण कागदोपत्री त्या अतिथी शिक्षिका होत्या. एकाच शाळेत अकरा वर्षं अतिथी. एवढ्या दिवसांत कुठलाही पाहुणा एक तर उठून गेला असता, नाहीतर घरचा झाला असता. इंदुताईंचं दोन्ही झालं नव्हतं. दर जूनमध्ये त्या नव्यानं अर्ज करत आणि सीमाभागातल्या कंग्राळीच्या पुढल्या मराठी शाळेत पुन्हा गणित शिकवायला लागत.

यंदा मात्र तालुक्यातल्या मराठी शाळांमधल्या गणिताच्या दोन अतिथी जागांपैकी एकच राहणार होती. कुठली ठेवायची, ते तालुक्याचे साहेब वर्ग बघून ठरवणार होते.

"साहेबास्नी मराठी येत न्हाय," हेडमास्तर बसवंत सरांनी आदल्या दिवशी बजावलं. "ते कन्नडात बोलतील, तुम्ही पोरांस्नी मराठीत सांगायचं. पोरं काय बोलली तर साहेबास्नी कन्नडात. आणि वाद नको."

"मी कधी वाद घातलाय सर?"

"तुम्ही न्हाय हो. तुमची पोरं लई इचारत्यात."

ते खरं होतं, आणि इंदुताईंना त्याचा आतून गर्वही होता. आठवीला असमानता शिकवताना त्यांनी नियम आधी सांगितलाच नव्हता. विहीर काढली होती फळ्यावर. वर पाच पायऱ्या चढलेला माणूस दोन चढलेल्याच्या वर असतो. मग तेच खाली उतरायला लागले तर? मागच्या बाकावरून सौम्या म्हणाली, "पाच उतरलेला खाली की, बाई. जो वर होता तोच खाली गेला." म्हणजे उणे संख्येनं गुणलं किंवा भागलं की लहानमोठ्याचं चिन्ह फिरवायचं. हे त्या पोरीनं पुस्तक न उघडता सांगितलं. घरी जाताना इंदुताई बसमध्ये एकट्याच हसल्या होत्या.

साहेब आले ते खुशीत. खुर्चीवर बसून वर्ग बघणारे नव्हते. पूर्वी आपणही गणिताचे मास्तर होतो असं सांगून त्यांनी खडूच हातात घेतला. फळ्यावर लिहिलं: उणे दोन एक्स हे सहापेक्षा लहान. कन्नडात समजावत गेले, इंदुताई शेजारी उभ्या राहून मराठी करत गेल्या. दोन्ही बाजूंना उणे दोननं भागलं. आणि साहेबांनी लिहिलं: एक्स हा उणे तीनपेक्षा लहान.

चिन्ह फिरवलंच नाही.

मराठी करताना हळूच नीट सांगून टाकावं, असं इंदुताईंच्या मनात येऊन गेलं. पण फळ्यावर ते चुकीचं चिन्ह पांढरं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी जसंच्या तसं मराठी केलं.

मागं हात वर झाला. सौम्या.

"बाई, चिन्ह फिरवायचं ऱ्हायलं. मी उणे पाच ठेवून बघितलं. डावीकडं दहा येतंय. दहा कुठं सहापेक्षा लहान असतंय?"

साहेबांनी भुवया उंचावल्या. "एनंताळ?" काय म्हणते ती?

दारात बसवंत सर उभे होते, रुमालानं मान पुसत. इंदुताईंनी साहेबांकडं बघितलं, मग साहेबांच्या खिशातल्या पेनाकडं.

"सर छलो हेळिद्रु, अंताळ्री," त्या म्हणाल्या. सरांनी फार छान सांगितलं, असं म्हणते ती.

साहेब प्रसन्न झाले. मागच्या बाकापर्यंत चालत जाऊन त्यांनी सौम्याच्या डोक्यावर हात ठेवला.

आणि तेव्हा इंदुताईंना सौम्याचा चेहरा दिसला. ही पोरगी शनिवारी दुपारी खडेबाजारात आईच्या शेजारी बसून मेथी-कोथिंबीर विकते, आणि गिऱ्हाइकांशी घासाघीस करते ती कन्नडात. अर्धा वर्ग तसाच. शाळेत कन्नडाचा तासही होताच की रोजचा. अकरा वर्षं मराठीत शिकवून बाई हे साफ विसरल्या होत्या. वर्गात त्यांचं ते कन्नड न समजलेलं असं कुणीच नव्हतं.

पोरं खाली मान घालून फळ्यावरचं उतरवत होती.

आठवड्यानं नेमणुकीचं पत्र आलं. बसवंत सरांनी पेढा दिला. "साहेब लई खूश. त्या पोरीनं काम केलं बघा!"

इंदुताईंनी पेढा खाल्ला. साहेबांचं गणित त्यांनी दुसऱ्याच दिवशी पुसून बरोबर करून दिलं होतं. घाईत झालं असंल साहेबांचं, म्हणाल्या होत्या. कुणी काही विचारलं नव्हतं. ते न विचारणंच त्यांना खुपत होतं.

मग एका सकाळी त्यांनी मुद्दाम चुकीचं लिहिलं. उणे तीन एक्स हे बारापेक्षा मोठं. म्हणून एक्स हा उणे चारपेक्षा मोठा. खडू ठेवला आणि वाट बघितली. धडधडीत चूक होती, कुणीही उठून पकडावी अशी. तेवीस पोरांनी ती मुकाट उतरवून घेतली.

बाई बाकांमधून फिरत मागं गेल्या. सौम्याच्या वहीत चिन्ह फिरवलेलं होतं. एक्स हा उणे चारपेक्षा लहान. बरोबर.

"अगं, तुला कळलं होतं," इंदुताई म्हणाल्या. "मग बोलली का न्हाईस?"

सौम्यानं पेनाला टोपण लावलं. आवाजात राग नव्हता, उलट समजूत होती, आजारी माणसाशी बोलतात तशी.

"तुमास्नी म्हाईतच असतंय की, बाई."

इंदुताई फळ्याशी परत आल्या. चिन्ह पुसलं, उलटं काढलं. "चुकलं होतं माझं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "कुणी सांगितलं का न्हाई रं?"

पहिल्या बाकावरच्या दिग्विजयनं पट्टी उचलली.

"बाई, पट्टीनं खोडायचं, का तसंच?"

सगळा वर्ग वर बघत होता. तेवढंच कळायचं राहिलं होतं त्यांना.

"पट्टीनं," इंदुताई म्हणाल्या.