दात काढण्याआधी

जानरावाने आरशासमोर जीभ वरच्या दातांना लावली, तसे पुढचे दोन्ही दात हलले. दुपारी मेहकरला दातांच्या डॉक्टरकडे जाऊन ते काढायचे होते. सॅक्सोफोनचं तोंड याच दातांवर टेकायचं. कवळी बसवून पुन्हा तसा सूर निघेल, याचा त्याला भरवसा नव्हता.

"मामा, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं मी. वाजवा तुम्ही," भाची मयुरी म्हणाली. तिची आई, जानरावाची धाकटी बहीण चांगुणा, दारात मेथी निवडत बसली होती.

इथल्याच, डोणगावच्या लग्नाच्या बँडमधून तो विसाव्या वर्षी मुंबईला गेला. हॉटेलात वाजवणाऱ्या एका गोवेकर म्हाताऱ्याने त्याला जॅझ शिकवलं आणि पुढची चाळीस वर्षं स्टुडिओंनी त्याच्याकडून हवं ते वाजवून घेतलं. कॅबरे, भजन, विरहाची गाणी, साबणाच्या जाहिराती. 'जानरावला बोलवा, तो कोणासारखंही वाजवतो,' असं संगीतकार म्हणत. कॅसेटवर त्याचं नाव कधी आलं नाही. त्याचं त्याला फारसं वाईटही वाटलं नव्हतं.

त्याने एका गाजलेल्या जुन्या गाण्याची धून वाजवली. मयुरी हरखली.

"हे तुम्ही वाजवलं होतं?"

मग दुसरी, तिसरी. हिरड्यांतून रक्ताची खारट चव आली. त्याने ती गिळली.

"हे सारं त्या लोकाइचं झालं, दादा," चांगुणा म्हणाली. "तुह्यावालं वाजव ना काही."

"माह्यावालं?"

तो हसला. गळ्यातला पट्टा सारखा करून सुरुवात केली, तर ते त्या म्हाताऱ्यासारखंच निघालं. थांबला. दुसरं काही धरलं, तेही कोणाचं तरीच. मयुरीने मोबाईल खाली घेतला आणि काय वाटलं कोण जाणे, पुन्हा वर धरला.

मग डोळे मिटून त्याने एक खालचा सूर लावला आणि तिथून चाचपडत, अडखळत वर चढू लागला. हे त्याने याआधी कुठे ऐकलं नव्हतं. मध्येच दात सरकला, सूर फाटला. स्टुडिओतल्या सवयीने, रेकॉर्डिंग थांबवायला त्याचा हात वर गेला.

"चुकलं. पुन्हा घेऊ."

"आता पुन्हा कोणासाठी घेतं, दादा?"

मेथीवरून तिची नजर उठली नव्हती. जानरावाने हात खाली आणला, ओठ पुसले, आणि सूर जिथे फाटला होता तिथूनच पुढे वाजवायला लागला.