भावी आंतरराष्ट्रीय

वंदना मॅडमनी स्कूटी शिडीला घासूनच उभी केली आणि वर बघून आवाज चढवला.

"अंगदराव, आधी खाली उतरा."

अंगद उतरला नाही. दातांत सुतळी धरून तो वडीगोद्रीच्या फाट्यावरच्या खांबाला फ्लेक्स बांधत होता. फ्लेक्सवर त्याची मुलगी अक्षता बॉलवर पाय ठेवून उभी, शेजारी तिच्याहून मोठा खुद्द अंगदचाच फोटो आणि खाली लालभडक अक्षरं: 'भावी आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू'.

"हे लिहायला कुणी सांगितलं?"

"मीच. पोरगी माझी हाये."

"अहो, तिची निवड झालेली नाही. पुण्याच्या अकादमीनं नुसतं चाचणीला बोलावलंय. तिथल्या पोरी सातव्या-आठव्या वर्षापासून खेळतात. हिनं बॉलला पाय लावला नववीत, तोही ढेकळांत. शेकड्यांनी येतात, दोन-चार घेतात आणि त्यातलीही एखादीच पुढं खेळून पोट भरते. माझ्या हाताखाली फुटबॉल शिकलेली आजवर एकही नाही."

अंगदनं सुतळी थुंकली. "तुमी सोता झाल्या न्हाईत, म्हणून जळून राह्यल्या."

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या झाल्या नव्हत्या, हे खरंच होतं. पण असल्या बापांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. पोरगी हात हलवत परत आली की चारचौघांत मान खाली गेली म्हणून हेच तिचा खेळ कायमचा बंद करतात. त्यांनी फ्लेक्सचं लोंबतं टोक मुठीत धरलं आणि ओढलं. शिडी डुगडुगली.

"मॅडम, सोडा ते."

रसवंतीच्या सावलीतून अक्षता आली आणि मनगट धरून त्यांना बाजूला घेऊन गेली.

"तुला तरी कळतंय का? तिथून तू परत येशील."

"पहिल्याच दिवशी," अक्षता हलक्या आवाजात म्हणाली. "त्या पोरींचा खेळ मोबाइलवर बघितलाय मी."

"मग बापाला हे लावू कसं दिलंस?"

"लावू दिलं न्हाई. मीच आण्णांच्या डोक्यात घातलं."

"तू? कशाला?"

"सोमवारी जांबचे पाव्हणे मला बघून गेल्ते. बारावी झाली, अठरा भरली, म्हणून आण्णा तारीख काढून राह्यलेत. आता फाट्यावर एवढा फोटो लावून लगेच कुठल्या तोंडानं लग्न लावतील? तवर माझं कॉलेजात नाव लागतंय." तिच्या आवाजात रडं नव्हतं, होता तो राग, आणि तो मॅडमवरच होता. "तुमाला खरं तेच बोलायचंय तर बोला. मंग पाव्हण्यांपुढं चहा घेऊन तुमीच जा."

वरून अंगद खेकसला, "काय मॅडम, अजून खोट काढायची राह्यली का? बराबर हाये ना?"

मॅडमनी कपाळावर हात आडवा धरून वर पाहिलं. ती लाल अक्षरं त्यांनी पुन्हा एकदा वाचली.

"डावी बाजू जरा वर घ्या," त्या म्हणाल्या. "आणि गाठ पक्की मारा."