गोरक्षचे हात

बहात्तरच्या दुष्काळात कर्जतजवळ खडी फोडायचं काम निघालं, तेव्हा कामावरच्या बायकांची लेकरं सांभाळायला मला ठेवलं होतं. एका लिंबाखाली बावीस पोरं. त्यातल्या सहा वर्षांच्या गोरक्षला त्याची आई चांगुणा रोज बुंध्याशी टेकवून बसवायची, फडक्यानं त्याचे दोन्ही हात अंगाशी बांधायची आणि मग कामाला जायची. बघून माझं डोकं फिरायचं.

"पोटचं पोर हाय का चोर धरलाय?" मी एकदा फाडकन विचारलं.

"बनुबाई, सोडलं की सोताची बोटं खातो त्यो," ती म्हणाली. "नगरचं डाक्टर म्हनलं, अंगात रोज जुनं मोडत असतं, त्यातलं कामाचं सरीर परत वापरतं. ह्याला ते जमत न्हाई. समद्याचं युरिक ॲसिड हुतं, लघवीत नारंगी वाळू पडती. गोळ्यांनी मूतखडं थांबत्याल, चावनं न्हाई. माझ्याच रक्तातनं आलंय. माझा भाऊबी असाच गेला."

गावात तर सरळ म्हणत, मेलेला मामा भाच्याला लागलाय. मी भुताखेतांना भीक घालत नाही, आणि त्या डॉक्टरवरही माझा विश्वास बसला नाही. पोर आईच्या धाकात आहे, एवढंच मला दिसत होतं.

एका दुपारी चांगुणा लांब पाट्या वाहत होती. मी गाठ सोडायला बसले. गोरक्षची जीभ जड, तरी तो म्हणाला, "नको मावशी. सोडू नको."

"भिऊ नको, मी हाय ना," मी म्हटलं.

हात मोकळा झाला आणि तोंडात गेला. त्यानं नेला नाही, गेला. दात करंगळीवर आणि डोळे माझ्याकडं, विनवणारे. "बांध, बांध," तो तसाच ओरडत होता. मी जीव खाऊन हात ओढला, पण त्या काटकुळ्या अंगात कुठून जोर आला कळेना. चांगुणा धावत येईपर्यंत करंगळीचं पेर गेलं होतं. तिनं जखमेवर चिंधी गुंडाळली, हात बांधले, तसा तो हुंदके देत शांत झाला.

ते डोळे अजून माझी पाठ सोडत नाहीत. मी हे मायेनं केलं, याचीच मला जास्त लाज वाटते.

चौथ्या दिवशी ती त्याला कडेवर घेऊन आली. मी गुळाचा खडा घेऊन पुढं झाले. मला बघताच तो किंचाळला आणि त्यानं आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"आये, ती आली! सोडनारी आली!"

लिंबाखालची बाकीची पोरंही उठली आणि माझ्यापासून मागं सरली.