नळी आत, मनसरी बाहेर

सकाळी मनसरी विश्वकर्मा पाना-पकड घेऊन गावच्या म्हाताऱ्या बामणाच्या, टीकाराम बाजेंच्या अंगणात आली. गावातल्या अकरा गोबरगॅस टाक्या या लोहाराच्या लेकीनेच बांधलेल्या, ही बारावी. टाकी पहिल्यांदा भरायला बाजेंच्या दोन म्हशींचं शेण कुठलं पुरायला? मग खालच्या लोहारटोलातून पाठीवरच्या टोपल्यांतून शेण आलं, भाजीचा पाला आला, जाँड, म्हणजे घरची दारू, गाळून उरलेला नाचणीचा चोथाही आला. तेव्हा कुणाच्या घरचं म्हणून बाजेंनी विचारलं नाही.

आता गॅस धरला होता. उरलं होतं शेगडीला नळी जोडणं, आणि शेगडी स्वयंपाकघरात. तिथे मनसरीने पाय ठेवायचा नाही; लोहाराचा पाय लागला की बामणाचं घर बाटतं, हा इथला रिवाज.

“तू खिडकीतून सांग, सून जोडेल,” बाजे म्हणाले.

तिने सांगितलं. चुलीच्या धुराने लाल झालेले डोळे पुसत सून सावित्रा पाना फिरवत राहिली. थोड्याच वेळात मनसरीच्या नाकात सडक्या अंड्यांचा वास शिरला. तिने धावत जाऊन अंगणातली गॅसची तोटी बंद केली.

“बाजे, जोड गळतोय. मी हाताने तपासल्याशिवाय तोटी उघडणार नाही. काडी तुम्ही नाही, ही तुमची सून ओढणार आहे.”

“मग मी आमच्यातला मिस्त्री बोलावतो.”

“बोलवा की. या खोऱ्यात दुसरी मिस्त्री एकच, माझी धाकटी बहीण.”

बाजे चिडून घर बाटवायला निघालीस म्हणाले. मनसरीला रागाने रडू फुटलं. आमचं शेण चालतं, चोथा चालतो, त्याच्या जाळावर शिजलेला भातही चालणार आहे. मग आमच्याच पायांना काय झालंय?

तेवढ्यात सावित्रा शेगडी आणि नळी उचलून बाहेर आली. सासऱ्यांकडे न बघता तिने ती मनसरीपुढे ठेवली. मनसरीने नळी अंगणातल्या तोटीला लावली, जोड आवळला, तोटी उघडून साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही. निळ्या जाळावर सावित्राने चहा केला आणि घरातल्या पितळी पेल्यातून पहिला तिला दिला.

चहा पिऊन मनसरी सवयीने पेला विसळायला उठली. सावित्राने तो हातातून घेतला.

“राहू द्या, दिदी. शेगडी आत घेऊ या. तिथला जोड तुम्हीच आवळायचाय.”

मनसरीने शेगडीचं एक टोक धरलं. उंबऱ्यावर टीकाराम बाजे उभे होते. बाजूला व्हायला त्यांना एकच पाऊल पुरलं असतं. दोघी शेगडी धरून थांबल्या होत्या.