दाराजवळच्या बादल्या

आमच्या दुकानात एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडलेला कुणी पाहिला नव्हता. दाराजवळच्या बादल्या घरच्या.

मान टाकलेला गुलाब, एका अंगानं चुरगळलेली शेवंती, वाटेत दांडी पिचलेली लिली, असं जे जे गिऱ्हाइकाच्या हातात देण्याजोगं नसे, ते आई दाराजवळच्या बादलीत ठेवायची. दुकान बंद करण्याआधी कात्री घेऊन बसायची आणि प्रत्येकाची दांडी बोटभर ठेवून बाकीची उडवायची. आखूड कापलं की पाण्याला फार चढावं लागत नाही, आणि फूल मान वर करतं. मग ती फुलं आमच्या घरी येत आणि कान तुटलेल्या कपांत, औषधाच्या बाटल्यांत, शाईच्या दौतीत जागा मिळेल तशी बसत. लांब दांडीचं फूल आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलंच नाही. शाळेत मी फुलाचं चित्र काढलं, तेही कपात गळ्यापर्यंत बुडालेलं. बाईंनी विचारलं, "अगं, याची दांडी कुठाय?" मी म्हटलं, "ती दुकानात राहिली."

मी सात वर्षांची असताना बाबा गेले, तेव्हापासून दुकान आईचंच. किती लग्नं तिनं सजवली, तिचं तिलाही ठाऊक नाही. लोक फोनवर चित्रं घेऊन यायचे. हे असं झुंबर हवं, ही अशी भिंत हवी. आई चित्र बघायची, छान म्हणायची आणि भलतंच विचारायची. "जेवायला समोरासमोर कोण बसणार? नवरीची आजी बुटकी आहे का? दुपारचं ऊन कुठल्या खिडकीतून येतं?" टेबलावरचं फूल हनुवटीच्या खाली राहिलं पाहिजे, हा तिचा हट्ट. "माणसं माणसांना भेटायला येतात, फांद्यांआडून डोकवायला नाही." ऋतूप्रमाणे दुकानाच्या काचेमागची सजावट बदलायची. थंडी पडली की लाल फळांच्या काटक्या, ऊन चढलं की नुसता पिवळा रंग, पानगळीत तांबूस पानं आणि त्यांत एखादंच पांढरं फूल. "तुम्हाला हे सुचतं कुठून?" असं कुणी विचारलं की ती म्हणे, "बादलीतून. बादलीत जे असतं तेच सुचतं."

आणि हात चालू असताना गुणगुणायची. ओव्या तिच्याच, जोडलेल्याही तिथल्या तिथे.

तिरकी गं कापते दांडी, पाण्याला होते वाट,
एका फुलानं उजळतो, चार माणसांचा थाट.

तर अशा माझ्या आईनं, छप्पन्नाव्या वर्षी, लग्न ठरवलं.

नवरदेव समोरच्या गाळ्यातले घड्याळवाले. आमच्या भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला ते दर सोमवारी येत. सोमवारी आईच्या केसांत पिन नवी असे, हे माझ्या लक्षात आलं नाही. मावशीच्या आलं. मावशी शिवणकाम करते, तिच्या नजरेतून एक टाका सुटत नाही.

"गेलं वर्षभर हे घड्याळ दर आठवड्याला बिघडतंय होय?" ती म्हणाली. "घड्याळ ठणठणीत आहे गं. बिघडलंय दुसरंच काहीतरी."

आई पानासारखी लाल झाली. पानगळ होती म्हणून खपून गेलं.

ठरलं ते असं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, सकाळी अकराला दोघांच्या सह्या, मग चाळीस माणसांचं जेवण. मी वही उघडून फुलांचं विचारलं, तर आई हात झटकून म्हणाली, "माझ्या लग्नाला कसली फुलं विकत आणतेस? दाराजवळची पुरतील की."

ती सहज बोलली. पण ते वाक्य माझ्या पायात काट्यासारखं मोडलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींना ताठ मानेचे गुलाब दिले या बाईनं, आणि स्वतःच्या दिवशीही मोडक्या मानेचे? मी मनाशी गाठ मारली. या एका दिवशी आईला उरलंसुरलं मिळणार नाही. पहिल्या निवडीचं मिळेल, अख्खं मिळेल, हातभर दांडीसकट.

तीन आठवडे मी चित्रं काढली. शेवटी एक उतरलं. सहीच्या टेबलामागे उंच कमान, आणि तिच्या दोन्ही पायांपासून वर चढत गेलेले लांब दांडीचे गुलाब, उरलेले जेवणाच्या टेबलांवर उंच फुलदाण्यांत, सगळे मिळून एकशे ऐंशी, पिकल्या जर्दाळूच्या रंगाचे. पहिलं मोठं काम, एकटीचं. आईला दुकानात यायची बंदी केली. तिची किल्ली काढून घेतली आणि आदल्या दिवशी तिची रवानगी मावशीकडे केली.

"मावशी, हिच्यावर लक्ष ठेव."

"दाराला पाठ लावून झोपते," मावशी म्हणाली. "मला ओलांडून जाईल तर जिराफच म्हणायची."

गुलाब दुपारी आले. प्रवासानं काहींनी माना टाकल्या होत्या, तसं होतंच. मी दांड्यांची टोकं छाटली, दहा-दहांच्या जुड्या कागदात घट्ट गुंडाळून खोल पाण्यात उभ्या केल्या. सकाळपर्यंत पाणी पितात आणि ताठ होतात. सकाळी सातला कागद सोडले. मोजक्या दहा-बाराच माना अजून कलल्या होत्या, बाकी सगळे सैनिकासारखे उभे. गाडी आठला येणार होती, म्हणून चढवायला सोपं जावं या हिशोबानं मी सगळ्या बादल्या ओढत ओढत आणून ठेवल्या. कुठे?

दाराजवळ.

आणि तारेचं भेंडोळं आणायला घरी गेले.

पंचवीस मिनिटांत परत आले, तर दुकानाचं दार उघडं. आतून ओवी ऐकू येत होती. आणि ओवीच्या तालावर कात्री. कच. कच. कच.

आई स्टुलावर बसली होती. डोक्याला मावशीनं बांधलेले केस कुरळे करायचे रोलर, अंगात घरातला गाऊन, पायांत मावशीच्या सपाता. गुडघ्याशी हिरव्या दांड्यांचा ढीग पडला होता, उसाची मोळी सोडावी तसा. समोरच्या परातीत गुलाबच गुलाब, सगळे बोटभर.

"आई!"

कात्री थांबली. तिच्या पात्यात एक गुलाब होता. बादल्यांमधला शेवटचा.

"अगं, घरात बसवेना," ती म्हणाली. "मावशी घोरत होती, खिडकी बुटकी होती. कुंडीखालची जादा किल्ली मला ठाऊक आहेच. म्हटलं, कशाला हात लावणार नाही, नुसती बसून येईन. पण दारातच बादल्या दिसल्या, वरच्या दोन-चार माना मोडलेल्या. बसल्या बसल्या कापून टाकल्या. तुझे गुलाब कुठायत? फ्रिजमध्ये?"

भिंतीवर माझं चित्र चिकटवलेलं होतं, मी तिकडे बघितलं. तिनंही बघितलं. मग परातीकडे. मग दांड्यांच्या ढिगाकडे.

"हे... हेच होते?"

मी मान हलवली आणि रडायला लागले. मोठी बाई मी, दोन लेकरांची आई व्हायच्या वयाची, आणि पायऱ्यांवर बसून भोकाड पसरलं. "तुला अख्खं द्यायचं होतं गं. एकदा तरी. आणि तूच कापलंस. मला ठाऊक असूनही मीच ते दाराशी ठेवलं."

आईनं कात्री खाली ठेवली. वाकून परातीतला एक गुलाब उचलला, निरखला. तिचा चेहरा पडला होता, पण बोटं फूल फिरवून बघतच होती. तिच्या बोटांना दुःख करायला वेळच मिळत नाही.

"तुला वाटतं, मी तुला मोडकी फुलं आणायचे?" ती हळू म्हणाली. "मला वाटायचं, मी घरी बरी झालेली फुलं आणते. दुकानात ती कुणाची नव्हती. घरी आली की मान वर करायची. तुझ्या उशाशी ठेवायचे, तर सकाळी तुझ्याकडेच बघत असायची." मग नाक ओढून म्हणाली, "पण कमान सुंदर काढली आहेस हो. माझ्याच्यानं झाली नसती. ऊठ आता. बादलीत काय आहे?"

"एकशे एकोणऐंशी ठेंगणे गुलाब," मी डोळे पुसत म्हटलं. "आणि एक अख्खा."

"मग सुचव."

तेवढ्यात मावशी आली, एका पायात आईची चप्पल, एका पायात स्वतःची. "जिराफ!" ती दारातूनच ओरडली. मग परात दिसली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. तिला सगळं सांगितलं. ती मटकन बसली. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. हसत होती. "अख्ख्या गावात," तिला शब्द फुटेना, "अख्ख्या गावात स्वतःच्या लग्नाच्या फुलांचे गळे कापणारी नवरी आमच्याच घरात!" मग आई हसली. मग मीही. हसता हसताच मला सुचलं.

घरी जाऊन मी टोपलीभर कप आणले. कान तुटलेले, चीर गेलेले, लहानपणापासून ओळखीचे. दौत आणली, औषधाच्या बाटल्या आणल्या. टेबलं भागणार होती. पण कमान? बोटभर दांडीला पाणी कुठून पाजणार? हजार ठिकाणी इवलं इवलं पाणी टांगायला हवं.

"इवल्या बाटल्या हव्यात," मी म्हटलं. "करंगळीएवढ्या. पुष्कळ."

आई आणि मावशी, दोघींनी एकदमच रस्त्यापलीकडे बघितलं.

नवरदेव नव्या सदऱ्यात गाळ्यावर बसले होते. त्यांनाही घरात बसवत नव्हतं. त्यांच्यामागे भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर काचेच्या चिमुकल्या बाटल्यांच्या रांगा. प्रत्येकीत वेगळ्या मापाचे स्क्रू, काटे, दातेरी चाकं. चाळीस वर्षांची शिस्त. त्या बाटल्यांना मावशीनं एकदा नुसतं बोट लावलं होतं, तर ते दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

मी जाऊन सांगितलं. म्हणजे सुरुवात केली. "काका, आईनं सगळे गुलाब..."

"कापले?" ते म्हणाले. "हात स्वस्थ बसत नाहीत तिचे. ठाऊक आहे मला." फळीकडे एक लांब नजर टाकली. मग पितळी परात पुढ्यात ओढली, पहिली बाटली उचलली, बूच काढलं आणि उपडी केली. छन् झालं. दुसरी. छन्. तिसरीनंतर त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"काका, हे परत वेगळं कधी होणार?"

"होईल. एक जन्म आहे की," ते म्हणाले. "आता तर दोघं आहोत."

शंभर बाटल्या निघाल्या. मावशीनं धुतल्या, मी मानेला तार बांधली, आईनं प्रत्येकीत घोटभर पाणी आणि एक गुलाब ठेवला. तिला आता कोण थांबवणार? गाडीवाला दारात हॉर्न वाजवून वाजवून शेवटी आत येऊन पाणी भरायला लागला.

पावणेअकराला कमान उभी राहिली. तांबूस पानांच्या फांद्या, आणि फांदी-फांदीवर काचेचा एक थेंब, थेंबात एक गुलाब. खिडकीतून ऊन आलं आणि शंभर ठिकाणी पाणी पेटलं. जागचं काही हलत नव्हतं, तरी सगळं झुलल्यासारखं दिसत होतं. टेबलांवर कपांची रांग, प्रत्येक फूल हनुवटीच्या पुष्कळ खाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसाला माणूस दिसत होता. घड्याळकाकांची थोरली बहीण, ऐकायला कमी येणारी, टेबलाच्या शेवटी बसून साऱ्यांचे ओठ वाचत होती आणि प्रत्येक विनोदाला वेळेवर हसत होती. माझ्या उंच गुलाबांमागे ती कुणालाच दिसली नसती. हे मला चित्र काढताना सुचलं नव्हतं.

आई दारात आली. मावशीनं शिवलेला निळा पोशाख, केस कुरळे, एका कानामागे मात्र रोलर तसाच राहिलेला. तो अख्खा गुलाब मी तिच्या हातात दिला, हातभर दांडीचा.

ती चालायला लागली आणि दोन पावलांवर थांबली. पहिल्या खुर्चीवरच्या बाईंपुढे तिनं तो गुलाब दोन्ही हातांनी धरला, गिऱ्हाइकापुढे धरतात तसा, दांडी त्यांच्याकडे, फूल स्वतःकडे. बाईंनी गोंधळून हात पुढे केला.

"आई," मी मागून कुजबुजले, "द्यायचं नाही ते. ते तुझं आहे."

"हो की," ती म्हणाली आणि छातीशी घेतलं. चार पावलांवर काकांच्या बहिणीपुढे हात पुन्हा लांब झाले. अख्खा हॉल हसला. आणि हसण्याच्या वर मावशीचा आवाज चढला, आईच्याच चालीत.

लांब गं दांडीचं फूल, धरू मी कसं बाई,
द्यायची सवय हाताला, घ्यायची ठाऊक नाही.

"गप गं!" आई म्हणाली, पण हसू तिच्या ओठांत मावेना.

सहीच्या टेबलाशी ती पोचली तेव्हा वरच्या एका बाटलीतून पाण्याचा थेंब सुटला आणि काकांच्या टकलावर टपकन पडला. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "अकरा वाजले," ते म्हणाले. "बरोबर."

सही करायला आईला हात मोकळा हवा होता. तिनं गुलाबाकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. कपात तो मावणार नव्हता, बाटलीत तर नाहीच. आजूबाजूला त्याच्या उंचीचं काही नव्हतं. तिची बोटं सवयीनं कात्री चाचपायला लागली.

"आई!"

"नाही गं, नाही," ती म्हणाली, आणि गुलाब डाव्या हातात घट्ट धरून उजव्या हातानं सही केली. जेवतानाही सोडला नाही. चमचा एका हातात, गुलाब दुसऱ्या. संध्याकाळी घरी आली तेव्हा त्याच्यासाठी आमच्या घरात एकही भांडं नव्हतं. शेवटी काकांनी छत्र्यांचा डबा रिकामा केला.