ओनाची गोष्ट सांगणारा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. आता मुका झालो आहे. मस्कतच्या दार्सैत भागात, तळमजल्यावरच्या एका घरात माझं आयुष्य गेलं. वसईच्या रेमंडने मला रुवीच्या बाजारातून आणलं. त्याची बायको कार्मेन दवाखान्यात नर्स होती.

तिच्यासोबत नोरा नावाची वयस्कर आयरिश नर्स होती. १९९८ साली कायमची मायदेशी निघताना तिने कार्मेनच्या छोट्या ॲनेटसाठी आपल्या गावची एक दंतकथा माझ्यात भरून ठेवली. दोनशे वर्षांपूर्वी आयर्लंडमध्ये इंग्रजांविरुद्ध बंड झालं. जखमी बंडखोर दलदलीतून पळत होते, मागे सैनिक लागले होते. तेव्हा ओना नावाच्या गवळणीने अरुंद पुलावर आपल्या गाई आडव्या घातल्या आणि ती धार काढत बसली.

"साहेब, अर्धवट धार काढलेली गाय लाथ मारते. जरा थांबा," ती म्हणाली. ती धार काढतच राहिली, उठली नाही. बंडखोर वाचले. ओनाचं पुढे काय झालं, ते कुणालाच ठाऊक नाही.

ॲनेट रोज ती गोष्ट ऐकायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा. नोरा वारली होती. कॅसेट एकच होती. माझ्या जुन्या चाकांत फीत अडकली तर?

पण संकट दुसरीकडूनच आलं. २००७ च्या जूनमध्ये वादळ झालं. रेमंड कामासाठी सोहारला होता. भर दुपारी दारातून गढूळ पाणी आत घुसलं. शेजारच्या म्हाताऱ्या गुलबानू खालांना कार्मेनने कसंबसं जिन्यालगतच्या आमच्या दारापर्यंत ओढत आणलं.

"माजे पाय नाय चालत गो. तुमी जावा," खाला रडत म्हणाल्या.

तेरा वर्षांच्या ॲनेटने मला छातीशी धरलं. "मम्मी, नोराचा आवाज!"

"ठेव तो! खालांचा दुसरा हात धर!"

पाणी ॲनेटच्या कमरेला लागलं होतं. मला वाचायचं होतं, मित्रांनो, खोटं कशाला बोलू? पण कार्मेनच्या हातातून खालांचा हात सुटत चालला होता. ॲनेटने मला टेबलावर ठेवलं आणि रडतच खालांचा दुसरा हात घट्ट पकडला. तिघी जिना चढून गेल्या. मग पाणी माझ्या डोक्यावरून गेलं आणि माझ्यासोबत नोराची कॅसेटही बुडाली.

माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, पण आपल्या माणसांच्या गोष्टी आमच्या भरवशावर सोडू नका. ती माणसं बोलत आहेत तोवरच त्यांच्याजवळ बसा.