नोन्नाच्या वाट्याचा खजूर

आमच्या तळ्यावर सकाळी धुकं असं उतरतं की आपलाच हात आपल्याला परका वाटतो. एका रविवारी अलेक्झांड्रियाच्या बिशपांचा माणूस आला तेव्हा धुक्यातून आधी त्याचा खोकला आला, मग होडी, मग तो.

कोल्लूथ नाव, बिशपांच्या हाताखालचा डीकन. वय कोवळं, पण बगलेतलं पुस्तक जाड. आमच्या चटयांच्या प्रार्थनाघरात बसून त्यानं फर्मान सांगितलं. ज्या रिवाजाला येशूच्या प्रेषितांचा आधार, तो राहील. ज्याला नाही, तो बंद, आणि ऐकलं नाही तर दाराला मोहोर.

आम्ही चाळीस माणसं, सगळी लव्हाळं कापणारी. प्रेषित आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आला नव्हता. माझ्या पणज्याला एका मिठाच्या व्यापाऱ्यानं बाप्तिस्मा दिला, तोही घाईत. आमचे म्होरके पशोईबाबा. त्यांना दिसत कमी आणि खोटं बोलता येत नाही. त्यांनी माझ्या दिशेनं मान वळवली.

"तरमूते, तू सांग गं. तुला जुनं आठवतं."

माझं जुनं म्हणजे एकच. बारा वर्षांपूर्वी माझी नोन्ना याच तळ्यात गेली, सहा वर्षांची. पुढच्या रविवारी प्रभुभोजनाला, सगळे एकत्र जेवायला बसतात तिथं, मी तिचा वाडगा मांडला. कुणी तो उचलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तो शेजारणीनं मांडला. आता मी आजारी असले तरी तो मांडला जातो, आणि नव्या सुनांना तो कुणाचा हेही ठाऊक नसतं. त्या वाडग्यावर गदा येऊ द्यायची नव्हती मला.

"गुडघाभर पाण्यात उभं राहून प्रार्थना का करता?" डीकननं विचारलं.

चिखलाचे पाय धुवायला, दुसरं काय. पण मी म्हटलं, "प्रेषित होडीतून उतरले तेव्हा तसेच उभे राहिले होते."

"कोणते प्रेषित?"

"पाहुण्याला जेवायच्या आधी नाव विचारणं आमच्यात बरं दिसत नाही."

"आणि जेवल्यावर?"

"जेवल्यावर ते झोपले. दमले होते बिचारे."

मागे कुणीतरी फसकन हसलं. डीकन मात्र लिहीत होता. बोलता बोलता मला ती होडी खरंच दिसू लागली. ओली शिडं, वाकून उतरणारा थकलेला माणूस, आणि त्याचं बोट धरून कुणीतरी.

"हा रिकामा वाडगा?"

"रिकामा कुठाय? खजूर आहे की."

त्यानं वाकून पाहिलं. "साल काढून, बी काढून, कुस्करून? हे कशासाठी, मावशी?"

नोन्नाचे पुढचे दोन दात पडले होते. तिला खजूर चाववत नसे, ती रुसून बसायची.

"प्रेषितांसोबत एक जण होती," मी म्हटलं. "नोन्ना. तिला दात नव्हते."

जुन्या बायकांनी माना खाली घातल्या. पशोईबाबांचे ओठ हलले, पण ते काही बोलले नाहीत. त्यांच्या आयुष्यातलं खोटं म्हणाल तर तेवढंच.

डीकननं लिहून संपवलं आणि वाचून दाखवलं. "प्रेषितांसोबत नोन्ना नावाची एक अतिवृद्ध पवित्र स्त्री आली. केस पांढरे, मुखात एकही दात नाही. लेकी-नातवंडांचं सुख पाहून ती याच काठी शांतपणे निवर्तली. तिच्या स्मरणार्थ खजूर." मग त्यानं वर पाहिलं. "नातवंडं मी घातली. इतकं वय म्हणजे असणारच. चुकलं का, मावशी?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "चार होती."

तो गेला. दाराला मोहोर लागली नाही, ते उघडं राहिलं. धुकं विरलं तरी मी गुडघाभर पाण्यात उभी होते. पलीकडच्या काठावर पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती, पोरांच्या गराड्यात, आणि बोळक्या तोंडानं हसत होती.

सहा वर्षांची गेली माझी पोर. पुस्तकात ती म्हातारी होऊन मेली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.